सात मिनिटांचा घोटाळा

भिंतीवरचं घड्याळ मागं पडलं तर आपल्याला चटकन कळतं. पण कॉम्प्युटरचं घड्याळ चुकेल, अशी शंका तरी येते का? मला नव्हती आली.

गेल्या पावसाळ्यात नागपूरला माझ्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं. एसी डब्याचं तत्काळ बुकिंग आदल्या दिवशी सकाळी १० ला उघडतं. पोळ्या आटोपून मी पडद्यावर दहा वाजायची वाट पाहत बसले. दहा वाजले, पाहते तो वेटिंग लिस्ट! हे मोबाइल बघून म्हणाले, "अगं, दहा वाजून सात मिनिटं झालीत!" शेवटी बस मिळाली, पण एक दिवस उशिरा. अण्णा दाराकडे डोळे लावून बसलेले.

परतल्यावर मी त्या घड्याळाच्या मागेच लागले. तुम्हीही असं करून पाहा. घड्याळ बरोबर अर्ध्या किंवा पूर्ण तासांनीच चुकत असेल, तर देशाची वेळ चुकीची निवडलेली असते. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. तसं नसेल तर वेळ नीट लावून कॉम्प्युटर रात्री बंद ठेवा. सकाळी मागे पडलेला दिसला, की समजा, आतला सेल संपत आलाय.

बंद कॉम्प्युटरचं घड्याळ या रुपयाएवढ्या, ३ व्होल्टच्या सेलवर चालतं. आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्यावरून वेळ मोजली जाते. सेल थकला, की हिशेब चुकलाच!

तपकीर गल्लीत तो सेल अगदी स्वस्तात मिळाला. बहुतेक ठिकाणी २०३२ नंबरचा लागतो, तरी जुना बरोबर न्यावा. प्लग काढूनच पेटी उघडायची, अधिक खुणेची बाजू वर ठेवायची. जुना सेल मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका हं. गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते, लगेच दवाखाना गाठावा लागतो.

आणखी एक. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवण्याची सोय आमच्याकडे बंदच होती! ती चालू केली. तरी सेल बदलायचा तो बदलायचाच.

अण्णा आता बरे आहेत. दर रविवारी घड्याळाला न विसरता चावी देणारे ते. सगळं ऐकून हसले नि म्हणाले, "घड्याळ कुठलंही असो, बाई, त्याच्याकडे बघावं लागतं."