कागदावर खुलं झालेलं तळं

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात बोले ठराव मंजूर झाला. ५ जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेने चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं खुलं! पण ते पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला.

मित्रांनो, हा इतिहास मला आमच्या ग्रामपंचायतीत आठवला. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातली १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. आमच्या वस्तीवर ती कुठे खर्च झाली, एवढंच मी विचारलं. "सगळं ऑनलाइन आहे, बघून घ्या," असं उत्तर मिळालं.

बघितलं. 'पथदिवे बसवणे' आणि पुढे रक्कम. किती दिवे, कोणत्या वस्तीत, याचा पत्ता नाही. शेवटी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज केला. दोन रुपये पानाने झेरॉक्स मिळाल्या, त्यातल्या निम्म्या पुसट. वस्तीतल्या दोन कॉलेजच्या मुलींनी चार रविवार बसून ते आकडे एक्सेलमध्ये भरले. तेव्हा कळलं, आमच्या वाट्याचे दिवे गावच्या चौकात जळत होते आणि आमच्या बाया अंधारात पाण्याला जात होत्या.

ग्रामसभेत मुलींनी ती यादी मोठ्याने वाचली. कुणी ओरडलं नाही, कुणाला ओरडता आलंही नाही. आकडे त्यांच्याच दप्तरातले होते. ते दिवे अजून आलेले नाहीत. पण यंदाच्या खर्चाच्या तक्त्यात 'वस्ती' हा एक रकाना वाढला आहे.

आता सांगा, या मुलींचे चार रविवार का जावेत? माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याचं कलम ४ म्हणतं की कुणी मागण्याआधीच कार्यालयाने माहिती स्वतःहून जाहीर करावी. स्कॅन केलेल्या तिरक्या पानांचा गठ्ठा टाकणं म्हणजे जाहीर करणं नव्हे. काम, वस्ती, मोजमाप, रक्कम, ठेकेदार, तारीख असा तक्ता मराठीत द्या, आम्हाला उतरवून बेरीज करता येईल असा द्या. तोच वस्तीतल्या फलकावर लावा, कारण प्रत्येकाकडे मोबाइल नाही. आणि खुलं करायचं ते सरकारचं काम, गरिबाचा आधार नंबर किंवा बँक खातं नव्हे.

पण तक्ता आला म्हणून न्याय आला, असं समजू नका. ठराव नगरपालिकेने केला होता, तळ्यावर मात्र बाबासाहेबांबरोबर हजारो माणसं चालत गेली होती. आकड्यांचंही तसंच आहे. ते वाचणारा, जोडणारा आणि ग्रामसभेत उभा राहून विचारणारा कुणी नसेल, तर खुली माहितीसुद्धा बंदच राहते.

येत्या ग्रामसभेला आपल्या वस्तीचा हिशेब घेऊन जा.

जय भीम!