शेवटची पाळी

"शेवटची पाळी कधी?" मी बाईला विचारलं आणि उत्तर नवऱ्यानं दिलं. "आज सकाळीच सुटली मॅडम. तिसरी होती." सिस्टर तोंडाला पदर लावून पडद्यामागे गेली. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. एकलहऱ्याच्या आसपास इतकी वर्षं बाळंतपणं केल्यावर मला यात नवल राहिलेलं नाही. इथं पाळी म्हणजे आधी थर्मलची, वीज केंद्रातली पाळी. 210 मेगावॅटचे संच दिवाळीला थांबत नाहीत, तर कुणाकडे बाळ झालं म्हणून कशाला थांबतील?

संपादकांनी मागितलाय वेगळाच लेख. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, आणि या सगळ्याला 'थोडा शास्त्रीय आधार'. लाडवांशी माझं भांडण नाही, खुशाल खा. भांडण आहे ते बाळंतिणीचं पाणी तोडण्याशी. ते आधी उरकते.

पाणी दिलं की पोट सुटतं, असं सामनगाव-हिंगणवेढ्याच्या आजीही सांगतात आणि नाशिकरोडच्या सहाव्या मजल्यावरच्या एमएस्सी झालेल्या सासूबाईही. पोट पाण्यानं सुटत नाही हो. पोटाच्या मधोमध बरगड्यांपासून खालच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू असतात. त्यांना जोडणारी पांढरी पट्टी गरोदरपणात ताणून रुंद होते आणि स्नायू एकमेकांपासून लांब जातात. ते जवळ यायला काही महिने लागतात, व्यायाम लागतो. आत गर्भाशय असतं. बाळंत झाल्या दिवशी ते किलोभराचं, बेंबीपाशी हाताला लागणारं. दीड महिन्यात साठ-सत्तर ग्रॅमवर येतं. तुम्ही किती तांबे प्यालात याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. उलट अंगावर पिणारं मूल महिन्याभरात दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध ओढायला लागतं. ते काय शेगडीतून येणार? पाणी तोडलेली बाई माझ्याकडे येते ती लघवीची जळजळ आणि खडा झालेला कोठा घेऊन. मग कुंथल्यानं टाके दुखतात. पोट बांधण्याचंही तेच. सैलसर पट्ट्यानं कमरेला आधार वाटतो, जरूर बांधा. पण श्वास अडकेल इतकं आवळलं तर सगळा दाब खाली जातो आणि आधीच दमलेल्या ओटीपोटाच्या तळाला तो पेलवत नाही. मग शिंकलं की थेंब. ही तक्रार बायका दहा-दहा वर्षं अंगावर काढतात, कारण 'बाळंतपणात व्हायचंच'. व्हायचंच नसतं.

हे सगळं मी एवढं घोळवून लिहिलं, कारण हे मला येतं. ज्यासाठी लिहायला बसले ते येत नाही.

वरचं जोडपं कॉलनीतलं. सरळ बाळंतपण, थोडे टाके, मुलगी. तिसऱ्या दिवशी बाळंतीण माहेरी गेली, दुसऱ्या तालुक्यात. सव्वा महिना झाला, बारसं झालं, 'अजून थोडं राहू दे' करत साडेतीन महिने झाले. माहेरच्या या सव्वा महिन्याला मी कधीच नावं ठेवत नाही. वाग्भटानं सूतिकेला दीड महिना दिलाय, आमची पुस्तकं 42 दिवस देतात. दवाखान्यात बाळंत झालेलीकडे आशाताईंच्या घरभेटी ठरलेल्या असतात त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी. आजी, वैद्य, सरकार सगळे एकाच मुक्कामाला येऊन उतरतात. त्रेचाळिसाव्या दिवशी काय करायचं ते कुणीच सांगत नाही.

ती परतल्यावर तांबी बसवायची चौकशी करायला आली. नवरा बाहेर बाळाला घेऊन बाकावर. मी टाके पाहिले, छान भरले होते. अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन खाली असतं, त्यामुळे जागा कोरडी राहते, संबंधाच्या वेळी दुखू शकतं, घाई करू नका, असं माझं नेहमीचं पाठ भाषण केलं. ती म्हणाली, "त्याची गरजच पडत नाही मॅडम." मी हसले. रात्रपाळी असेल, म्हटलं.

मग दहा प्रश्न विचारले. ही प्रश्नावली 1987 साली एडिनबर्गमध्ये तयार झाली. बाळंतिणीची उदासी ओळखायला जगभर वापरतात. आमच्याकडे 'बाळंतवात' या एका शब्दाच्या गाठोड्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं रडू येतं, महिनोन्महिने टिकणारं नैराश्यही येतं आणि हजारात एक-दोघींना होणारा, पहिल्या पंधरवड्यात भडकणारा वेडाचा झटकाही. पहिलं वार पडल्यावर संप्रेरकं एकदम उतरल्यानं येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. तिसऱ्याला त्याच रात्री दवाखाना लागतो, देवऋषी नव्हे. मधलं कुणाच्या लक्षातच येत नाही. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात केलेला अभ्यास 2002 साली छापून आला. सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी 23 टक्के नैराश्यात सापडल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही तशाच होत्या. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगी होणं, ही कारणं त्यात आहेतच. मुलगी! गोव्यातही.

तर या बाईचे गुण उत्तम आले. मी निश्चिंत.

पंधरा दिवसांनी नवरा एकटाच आला. झोपेची गोळी हवी होती. अंगावर पाजणाऱ्या बाईला मी अशी गोळी देत नाही, म्हटलं. "तिला नको मॅडम, मला." दिवसा बाळ रडतं, रात्री ड्युटी, झोप होत नाही. बाहेर तेरा बायका ताटकळत होत्या. मी म्हणाले, "अहो, मी बायकांची डॉक्टर." तो हसला, सॉरी म्हणाला आणि गेला.

पुढचं मला तिच्याकडून कळलं. साडेतीन महिने तो क्वार्टरमध्ये एकटा होता. मुलगी घरी आल्यावर तिला उचलायला घाबरायचा, हातून पडेल म्हणायचा. सुटल्यावर घरी न येता गेटबाहेर गाडी लावून बसून राहायचा. शेवटी मोठ्या भावानं मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. जगभरचे अभ्यास दहातल्या एका बापाला या काळात नैराश्य येतं असं सांगतात, हे मी वाचलेलं होतं. एका शिबिरात त्यावर बोललेसुद्धा होते. पण आपल्या भाषेत बाळंतीण आहे, तिच्या नवऱ्याला शब्द नाही, आणि माझ्या केसपेपरवर त्याच्यासाठी रकाना नव्हता. बाकावर बाळ घेऊन बसलेला माणूस म्हणजे माझ्या लेखी सोबत आलेला माणूस. 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. त्या दिवशीही होता.

गेल्या महिन्यात दोघं आली, तांबी बसवायला. या वेळी त्यालाही आत बोलावलं, स्टूल दिलं. सवयीनं विचारलं, "शेवटची पाळी?" तो गप्प राहून बायकोकडे पाहू लागला. तिनं तारीख सांगितली. मग मी त्याच्याकडे वळले, "आणि तुमची?"

"सध्या जनरल दिलीय मॅडम."

"झोप लागते?"

या वेळी उत्तर तिनं दिलं. "लागते, असं सांगतात."