पूर येण्याआधीची सकाळ

पुणे,
रविवार

तीर्थस्वरूप मावशीस,


परवा फोनवर तू विचारलंस, ‘कादंबरी लिहून झाली म्हणालीस त्याला वर्ष होत आलं. मग घोडं अडलंय कुठे?’ तेव्हा ‘थोडं काम बाकी आहे’ एवढंच बोलले, पण तुला नीट सांगायला हवं. ही कादंबरी जितकी माझी तितकीच तुझी आहे. नारायण पेठेतल्या ज्या वाड्यात ती घडते, तो मी पाहिलेलाच नाही. माझ्या जन्माआधीच तो पानशेतच्या पुरात गेला. त्याचा जिना, त्याची मोरी, चौकातलं तुळशीवृंदावन, सगळं मला तुझ्या आणि आईच्या बोलण्यातून मिळालं. तेव्हा काम काय चाललंय हे कळण्याचा पहिला हक्क तुझा.

भाषेवरून हात फिरवणं, लांबलेलं आखडणं, हे सगळे करतात, मीही करते. त्याला फार वेळ लागत नाही. वेळ जातोय तो वेगळ्याच कामात. १२ जुलै १९६१ला काय झालं हे मला ठाऊक आहे. सकाळी पानशेत फुटलं. त्या लोंढ्यापुढे त्याच दिवशी खडकवासल्याचं १८७९ सालचं धरणही टिकलं नाही. मुठा पेठांमध्ये शिरली, लकडी पूल पाण्याखाली गेला. मी प्रकरणाची पहिली ओळ लिहिते तेव्हाच हे सगळं माझ्या डोक्यात असतं. पण त्या बुधवारी वाड्यात उठून चूल पेटवणाऱ्या, दाढीचं पाणी मागणाऱ्या माणसांना यातलं काहीच माहीत नव्हतं. खर्डा लिहिताना आपली माहिती नकळत त्यांच्या अंगात झिरपते. ती उगाचच आभाळाकडे बघतात, उगाच गप्प होतात, एकमेकांचा निरोप जरा जास्तच प्रेमाने घेतात. त्यांच्याकडून माझी ही माहिती परत काढून घेणं, हेच सध्या माझं काम आहे.

कुसुमचं बघ. (तिच्यात तू किती आहेस ते तूच ठरव.) खर्ड्यात ती पहाटे गच्चीत जाते, लांबून नदीचा आवाज ऐकते आणि तिच्या पोटात खड्डा पडतो. वाचायला बरं वाटतं. पण खड्डा का पडावा? जुलैत आभाळ भरलेलं असतंच आणि नदीला पाणी असतंच. त्या दिवशी तिच्या पोटात खड्डा पडायला एकच कारण होतं. सांगलीहून तिला बघायला येणार होते, आणि घरातली साखर संपल्यामुळे आई वाटी घेऊन शेजारी गेली होती. आता कुसुम गच्चीत जात नाही. मोरीत बसून ती पोह्यांच्या बश्या विसळते. सहातल्या एका बशीचा टवका उडालाय. ती पाहुण्यांपुढे जाऊ नये म्हणून वेगळी काढते, पुसते आणि फडताळात मागच्या बाजूला ठेवते. मग तिला वाटतं, पाचच बश्या आणि पाहुणे सहा आले तर? ती बशी पुन्हा पुढे घेते. बस्स. नदीचं नावही त्या पानावर नाही. दुपारी ते फडताळ, त्या बश्या आणि ती मोरी यांचं काय होणार हे वाचकाला माहीत आहे, त्याची आठवण मी त्याला करून द्यायची नाही. हे पान पुनःपुन्हा लिहिलं तेव्हा कुठे त्यातून माझा आवाज गेला.

दादांचं, म्हणजे आजोबांचं, प्रकरण सगळ्यात अवघड गेलं. ‘जरा पूर बघून येतो’ म्हणून ते ओंकारेश्वराकडे गेले, ही गोष्ट तू मला लहानपणापासून सांगत आलीस आणि दर वेळी सांगताना तुझा गळा भरून येतो. खर्ड्यात ते प्रकरण तुझ्या भरल्या गळ्याने लिहिलं गेलं होतं. पण पुण्यात पावसाळ्यात नदी भरली की माणसं पुलावर आणि घाटावर पाणी बघायला जातातच, आजही जातात. दादा त्या दिवशी मजेत गेले असणार. तूच एकदा म्हणाली होतीस, की जाताना त्यांनी आजीला भजी करायला सांगितली. हे वाक्य तू एकदाच बोललीस, पुन्हा कधी नाही. आता त्या प्रकरणात भरला गळा नाही, भजी आहेत.

त्याचीच दुसरी बाजू अशी, की दादा तिसऱ्या दिवशी चिखलाने माखलेले, पण धडधाकट परत आले, हे आपल्या घरात प्रत्येकाला माहीत आहे. त्यामुळे पूर ओसरल्यावरची रात्र मी जरा निर्धास्तपणे लिहिली होती. आजीला मात्र त्या रात्री ते माहीत नव्हतं. शाळेच्या वर्गात अनोळखी बायकांमध्ये बसून तिने ती रात्र काढली, तेव्हा ती सवाष्ण आहे की नाही हेही तिला सांगता आलं नसतं. वाईटाची माहिती काढून घ्यायची, तशी चांगल्याचीही काढून घ्यावी लागते. हे मला फार उशिरा सुचलं असं म्हणणार नाही, पण सुचल्यावर ती आठ-नऊ पानं पूर्ण नव्याने लिहावी लागली. त्या रात्रीसाठी जुनं पंचांग काढून बघितलं. अमावास्या होती, मावशी. पेठांतली वीज गेलेली आणि वर चंद्रही नाही. तू कायम म्हणतेस ना, ‘इतका अंधार मी पुन्हा कधी बघितला नाही,’ त्याला पंचांगाची साक्ष आहे.

अशी पडताळणी चालूच असते. नवे पैसे १९५७ला आले, तरी १९६१मध्ये मंडईतली बाई आण्यांतच भाव सांगत होती आणि गिऱ्हाईक मनात हिशेब करून पैसे देत होतं. किलो कागदावर आला होता, तोंडात शेरच होता. महाराष्ट्र राज्य जेमतेम सव्वा वर्षाचं होतं. यातलं बहुतेक पुस्तकात येणार नाही, यायलाही नको. पण कुसुमची आई उसनी साखर मागते तेव्हा ती काय मागेल आणि कशात मोजून घेईल हे मला पक्कं माहीत असायला हवं, मगच तिचा हात नीट हलतो.

वेळेचाही एक प्रश्न होता. वाड्यात पाणी कधी शिरलं? तुझं म्हणणं एक, आईचं दुसरं, आणि शेजारच्या काकूंचं तिसरंच होतं. वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांवरून शहराचं वेळापत्रक लावता येतं, पण ते शहराचं. शेवटी त्या प्रकरणातली घड्याळाची वेळ मी सगळीकडून काढून टाकली. तुम्ही घड्याळ बघितलंच नव्हतं. तुमच्या आठवणीत वेळ आहे ती अशी: भात शिजायला ठेवला होता, धाकट्याची आंघोळ व्हायची होती, पाणी पहिल्या पायरीला लागलं होतं. तीच वेळ पुस्तकात ठेवली.

आता तुला न आवडणारं सांगते. चौकशी आयोगाचं स्वतंत्र प्रकरण मी काढलं आहे. तुझा राग मला माहीत आहे. इतकी माणसं गेली, हजारो संसार वाहून गेले आणि जाब कुणी दिला, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पानशेत धरणातून पाणी सोडण्याच्या भुयारी मार्गात लोखंड नव्हतं, नुसते काँक्रीटचे ठोकळे होते, कारण पोलादाची टंचाई होती. न्यायमूर्ती बावडेकरांकडे चौकशी आली, त्यांनी आत्महत्या केली, मग काम न्यायमूर्ती नाईकांकडे गेलं. हे सगळं मी खर्ड्यात सलग लिहिलं होतं, कागदपत्रं समोर ठेवून. पण कादंबरीच्या मधोमध ते आलं की वाड्यातली माणसं बाजूला पडत होती आणि मीच भाषण करत होते. पूर ओसरल्यावर तुम्ही अहवालाची वाट बघत नव्हता. तुम्ही घोंगडीसाठी आणि प्यायच्या पाण्यासाठी रांगेत होता. खडकवासला गेल्यामुळे नळ कोरडे पडले होते आणि वाड्यांच्या जुन्या विहिरी पुन्हा उपसाव्या लागल्या होत्या.

तरीही ते प्रकरण नुसतं कापून टाकणं मला पटेना. पात्रांकडून माहिती काढून घेता घेता चुकणारे सुटून जात असतील, तर असली कारागिरी काय कामाची? बरेच दिवस यावर अडले होते. शेवटी लोखंडाची ती गोष्ट कुसुमच्या नवऱ्याकडे दिली. तो सरकारी कचेरीत कारकून आहे. लग्नानंतर गोखलेनगरच्या पूरग्रस्तांच्या वसाहतीत संध्याकाळी तो पेपर वाचतो आणि सहज म्हणतो, की आत लोखंडच नव्हतं म्हणे. कुसुम कणीक मळत असते. ती विचारते, ‘म्हणजे कुणाला माहीत होतं?’ तो उत्तर देत नाही, कारण त्यालाही ते कळलेलं नाही. तिथे प्रकरण संपतं. जी गोष्ट तुम्हाला जेव्हा कळली, ती तेव्हाच पुस्तकात कळते. यात तुझा राग कमी झालाय असं मला वाटत नाही. तू वाचून सांग.

हे सगळं ठरवायला जवळ कुणी असावं असं फार वाटतं. श्री. पु. भागवत किंवा राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक हस्तलिखितावर लेखकाशी बसून चर्चा करत, एकेका प्रसंगावर प्रश्न विचारत. आज बहुतेक ठिकाणी लेखकाची फाइल सरळ अक्षरजुळणीला जाते. मराठी प्रकाशनाचं हे फार मोठं नुकसान आहे असं माझं ठाम मत आहे, कारण लेखकाला स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. मी घरातच उपाय काढला आहे. रोज रात्री जेवणं झाल्यावर ह्यांना एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवते. ते काही बोलत नाहीत, पण जिथे त्यांचं लक्ष उडतं तिथे पेन्सिलीने खूण करते. अशा दुरुस्त्या करताना हरिभाऊ आपट्यांचं मला नेहमी नवल वाटतं. आनंदाश्रमाचं काम सांभाळून ‘करमणूक’ साप्ताहिकासाठी ते प्रकरणाप्रकरणाने कादंबऱ्या लिहीत, आणि छापून गेलेलं प्रकरण मागे घ्यायची सोय नव्हती. दोन दिवाळी अंकांनी या कादंबरीतला भाग मागितला, मी नाही म्हटलं. माझं अजून हलतंय, छापलं की ते थांबेल.

इकडे प्रकाशकांकडून पहिली मुद्रितं आली आहेत. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये फाइल आणताना ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालंय, ‘वाऱ्या’चं ‘वार्या’. पुराच्या कादंबरीत ‘दुसऱ्या दिवशी’ किती वेळा येतं याची तुला कल्पना येईल. ते एकगठ्ठा बदलता येतं. चिंता आहे ती तुमच्या बोलण्याची. मुद्रितशोधन करणारे गृहस्थ मन लावून काम करतात, पण आजीच्या तोंडचं ‘मेलं’, ‘गो’, ‘कशास’ असलं सगळं त्यांनी सरळ केलंय. पात्राच्या तोंडी बोलीतली रूपं शुद्धलेखनाच्या नियमांनाही मान्य आहेत, तेव्हा एकेक शब्द मी परत बसवते आहे. शिवाय फर्म्याचा हिशेब आहे. सोळा पानांचा एक फर्मा, एकवीस फर्म्यांची ३३६ पानं होतात आणि आपली भरली ३४३. प्रकाशकांचं म्हणणं, सात पानं काढा. मी काढणार आहे, पण दादांच्या भज्यांना आणि बश्यांना हात लावणार नाही.

तर आता तुझ्याकडे मागणं. पुराच्या दिवसाची आणि त्या रात्रीची तीन प्रकरणं मोठ्या टायपात छापून घेतली आहेत, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुला बारीक अक्षराचा त्रास होतो म्हणून. ती या पत्रासोबत कुरिअरने बेळगावला पाठवते आहे. कादंबरी कशी झाली आहे ते तू मला सांगू नकोस. फक्त एवढंच बघ: जिथे वाड्यातलं कुणी असं बोललं नसतं, असं वागलं नसतं किंवा त्याला ते तेव्हा माहीत असणं शक्य नव्हतं, तिथे समासात रेघ मार. कारण लिहायची गरज नाही, रेघ पुरे. कुसुम तुझ्यासारखी वाटली आणि तुला नको असली तर तेही सांग, मी तिला बदलेन. आणि आजी त्या रात्री शाळेच्या वर्गात कुणाशी काही बोलली का, हे तुला आठवत असेल तर मागच्या कोऱ्या पानावर लिहून पाठव. तिथे मी अजून तिला गप्पच बसवलंय.

छपाई गणपतीनंतर सुरू होणार आहे, म्हणजे पानं श्रावणात परत मिळाली तरी चालतील. ताईला नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद सांग. प्रकृतीला जप.

तुझी,
भाची