संगमावरचा विवेक

बेळगावकडच्या मराठी घरांना नृसिंहवाडीची वाट नवी नाही. कृष्णा-पंचगंगेच्या या संगमावर पावसाळ्यात पाणी दत्तपादुकांवरून वाहत दक्षिणद्वाराने बाहेर पडते आणि भाविक त्यात स्नान करून धन्य होतात. घाटावर उभे राहून आम्ही मात्र पुढच्या गावांचा विचार करीत होतो. २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी देवळापाशी थांबले नाही. शिरोळ तालुक्यातील घराघरांत ते शिरले, आणि तीच कृष्णा पुढे आपल्या चिकोडी-अथणीकडे गेली.

पीकविमा शेतातल्या पिकापुरता. पडलेली भिंत त्यात येत नाही. सरकारी मदतीने संसार पुरता उभा राहत नाही. १ एप्रिल २०२१ पासून मिळू लागलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या घरविम्यात पुराचे नुकसान अंतर्भूत आहे. घराचा विमा उतरविल्यास आतील सामानासही विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांचे, संरक्षण लाभते. नदीकाठच्या किती घरांत हा कागद असेल?

श्रद्धेशी याचा विरोध नाही. पाणी चढू लागताच वाडीचे पुजारी उत्सवमूर्ती उंचावर नेतात. गृहस्थानेही पावसाळ्यापूर्वी तोच विवेक दाखवावा.