आधी अर्थिंग बघ

औषध कारखान्यांना व्हॅक्युम क्लीनर निवडून देणं आणि त्यांची देखभाल करणं यावर माझं घर चालतं. घरातले साधे नव्हेत. जिथल्या हवेत पेट घेईल अशी भुकटी किंवा वाफ असू शकते, तिथे चालणारे. या कामातलं मला जे येतं, त्यातलं बरंचसं मुंबईत फणसवाडीतल्या आमच्या चाळीत जिन्याखाली बसणाऱ्या एका माणसाचं आहे. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. नाव छापलेलं त्यांना रुचलं नसतं, म्हणून इथेही तेवढंच.

काका परळच्या एका गिरणीत वायरमन होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यांना परत कामावर जाता आलं नाही ते नाहीच. मग त्यांनी जिन्याखाली जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरायला घेतल्या. पाण्याच्या पंपाच्या, पिठाच्या चक्कीच्या, मिळेल त्या. शाळा सुटली की मी तिथे तार धरून बसे. मोटार उघडली की ते आधी आत काय साचलंय ते बोटाने चाचपत. गिरणीत ब्लोरूममध्ये कापसाच्या गाठी फुटतात, तिथले तंतू मोटारींवर बसतात. गाठीतून आलेला एखादा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासला की ठिणगी पडते आणि आग त्या तंतूंवरून धावत सुटते. हे त्यांनी पाहिलं होतं. "मशीन नाही रे पेटत, मशीनवर बसलेलं पेटतं," ते म्हणत. मला ते गिरणीच्या आठवणींपैकी एक वाटे.

पुढे डिप्लोमा करून मी एका औषध कारखान्याच्या मेंटेनन्सला लागलो. गोळ्यांच्या खात्यासाठी व्हॅक्युम क्लीनर सुचव, असं साहेबांनी सांगितलं. ओढण्याची ताकद आणि किंमत, यापलीकडे मला काही बघायचं माहीत नव्हतं. कॅटलॉग घेऊन सहज काकांपाशी बसलो. त्यांनी असलं यंत्र कधी वापरलं नव्हतं. चित्र बघून एवढंच विचारलं, "ओढायचंय काय?"

"धूळ."

"कसली?"

मला सांगता येईना. मग त्यांनी शेजारी पडलेली मिक्सरची मोटार फिरवून दाखवली. कार्बन ब्रश जिथे घासतो तिथे निळ्या ठिणग्या उडत होत्या. साध्या व्हॅक्युम क्लीनरमध्येही बहुधा अशीच मोटार असते. स्टार्चची बारीक भुकटी तिच्यापर्यंत पोहोचली तर काय, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

त्यानंतर मी वाचू लागलो. १९४८ च्या कारखाने कायद्यात ३७ वं कलम स्फोटक धूळ आणि वायूबद्दल होतं, हे मला नोकरीत असूनही ठाऊक नव्हतं. धुळीच्या जागांचे धोक्यानुसार २०, २१, २२ असे झोन. वायूचे ०, १, २. धुळीसाठी प्रमाणित केलेलं यंत्र शेजारच्या सॉल्व्हंटच्या खोलीत न्यायचं नाही. ॲल्युमिनियमची भुकटी असेल तर ती पाण्यात ओढणारं यंत्र लागतं, आणि त्याची टाकी हवाबंद ठेवायची नाही, कारण आत हायड्रोजन तयार होतो. यंत्राच्या पाटीवर धुळीचे तीन वर्ग असतात: थ्री-ए म्हणजे उडणारे तंतू, थ्री-बी म्हणजे वीज न वाहणारी धूळ, थ्री-सी म्हणजे वीज वाहणारी. काकांना हे सांगितलं तर ते हसले. "म्हणजे आमचा कापूस इथेही खालच्या वर्गात!"

सगळ्यात उशिरा कळलं ते स्थिर विजेचं. दाबाच्या हवेवर चालणारं, मोटारच नसलेलं यंत्र आणलं की काळजी मिटली, असं मी धरून चाललो होतो. काका म्हणाले, "आधी अर्थिंग बघ." भुकटी पाइपातून वेगाने घासत जाते, तेवढ्यानेच विद्युतभार साचतो. तो जमिनीत उतरला नाही तर ठिणगी पडू शकते. नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात पोलादी तारेचा पारदर्शक पाइप स्वस्तात मिळतो. पण ती तार प्लास्टिकच्या आत बंद असते. टोकाला सोलून धातूच्या कॉलरला जोडली नाही तर ती असून नसल्यासारखी. तेव्हापासून नोझलपासून अर्थच्या पिनेपर्यंतचा रोध मी स्वतः मोजतो. तो दहा लाख ओहमच्या आत हवा. फाटलेल्या पाइपाला कुणी चिकटपट्टी गुंडाळली असेल, तर मी पाइपच बदलायला लावतो. फिल्टर हवेच्या झोताने झटकू देत नाही. त्याने धुळीचा ढग उठतो, आणि ढगच तर नको असतो.

७ फेब्रुवारी २००८ ला अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट झाला. १४ माणसं गेली. पहिला स्फोट झाकलेल्या कन्व्हेयरमध्ये झाला. त्याच्या धक्क्याने इमारतीत साचलेली साखर उडाली आणि ती पेटत गेली. काकांनी हे दोनदा सांगायला लावलं. मग विचारलं, "तुमच्याकडे डक्टच्या डोक्यावर कोण हात फिरवतं?" कुणीच फिरवत नव्हतं. पुढच्या यंत्राबरोबर मी तिथवर पोहोचणाऱ्या लांब नळ्या मागवल्या, अर्थातच वीज वाहून नेणाऱ्या.

पण सगळ्यात मोठं देणं निराळंच आहे. एका यंत्राची प्रमाणित मोटार जळाली. मी ती सवयीने काकांकडे नेली. त्या दिवसांत त्यांच्याकडे काम फारसं येत नव्हतं, आणि मजुरी चांगली मिळाली असती. त्यांनी चष्मा वर करून पाटी वाचली आणि मोटार माझ्याकडे सरकवली. "ही मी उघडणार नाही. मी भरली तर फिरेल, पण मग ही पाटी खोटी." अशी मोटार त्या कामाची पात्रता असलेल्या कार्यशाळेतच दुरुस्त व्हावी लागते, हे मी दुरुस्तीच्या मानकात नंतर वाचलं. काकांनी ते कुठेही वाचलेलं नव्हतं.

आता लोक मला विचारतात, जळालेली मोटार इथल्या इथे भरून देता का, दोन दिवसांत लाइन सुरू करायची आहे. मी नाही म्हणतो. काही जण दुसरीकडे जातात.