बोगमाळोची ‘राणी’ आणि पतंगाच्या कागदाचे विमान

बीड शहरात पहिली रेल्वेगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. विमानतळाचे तर नावच नको. आमच्या पोरांना विमान ठाऊक ते आकाशातल्या पांढऱ्या रेघेपुरते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वस्तीतल्या चार कुटुंबांनी जीप ठरवली आणि सोलापूर, कोल्हापूर करीत, आंबोली घाट उतरून गोव्यात वास्कोजवळ बोगमाळोला गेलो. तेथे नौदलाचे विमान संग्रहालय आहे, १९९८ साली उघडलेले. सोमवारी बंद असते, जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आवारात जुनी विमाने उघड्यावर मांडली आहेत. सी हॉक आणि अलिझे ही जुन्या विक्रांत नौकेवरून उडालेली. पण मंडळी खिळली ती चार पंख्यांच्या, तीन शेपट्यांच्या सुपर कॉन्स्टेलेशनपुढे. पूर्वी हे एअर इंडियाचे प्रवासी विमान होते, नाव ‘राणी ऑफ एलोरा’. पुढे ते हवाई दलाकडे व तेथून नौदलाकडे गेले. एलोरा म्हणजे आपले वेरूळच की! बायकांनी तिच्यापुढे हौसेने फोटो काढून घेतले.

आमच्यासोबत दहावीतली एक मुलगी होती. आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले. मुकादमाची उचल घेताना यंदाही तिला न्यायचेच ठरत होते. आजी आडवी आली म्हणून ती राहिली. मागची दोन वर्षे तिची निम्मी शाळा उसाच्या फडात बुडाली होती. या मुलीने घरून एक विमान आणले होते. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, पुढे पंखा आणि पोटाखाली पीळ दिलेले रबर.

रबराच्या पिळावर उडणारे विमान फ्रान्सच्या पेनो यांनी १८७१ साली पॅरिसच्या बागेत उडवले, तेव्हा ते ११ सेकंद हवेत राहिले. आज बंद जागेत अशी विमाने उडवण्याच्या जागतिक स्पर्धा होतात. रुमानियात स्लानिक येथे मिठाच्या जुन्या खाणीतही त्या झाल्या आहेत. दीड ग्रॅमहूनही हलके विमान तेथे अर्धा तास तरंगते. बंद जागा एवढ्यासाठी की वाऱ्याची झुळूकही त्याला सोसत नाही.

खाण आम्ही कोठून आणणार? मुक्कामाच्या जागी जेवणाचा हॉल होता. रात्री टेबले सरकवली, पंखे बंद केले. विमान पहिल्यांदा नाक वर करून थबकले आणि आपटले. पुरुष मंडळींनी सल्ल्यांचा पाऊस पाडला, त्यातला एकही कामाचा नव्हता. मुलीने स्वयंपाकघरातून चिमूटभर कणीक मागून आणली, तिची गोळी नाकावर चिकटवली. आता ते सरळ जाऊन भिंतीवर धडकले. मग तिने शेपटीचा कागद जरासा डावीकडे वाकवला. रबराला बोटाने मोजून दीडशे वेढे दिले.

विमान हातातून सुटले, छताखाली वळले, एक घेर, दुसरा घेर. हॉलमध्ये कोणी श्वास सोडेना. घड्याळ लावून बसलेल्या काकांनी १४ सेकंद सांगितले.

मुलीने विमान उचलले, कणकेची गोळी तपासली आणि म्हणाली, “काका, सुकली की हलकी होईल. उद्या मेणाची लावू.”