दुसऱ्या पाळीचा ऱ

निपाणीत घरी पोचायला आज रात्रीचे दहा वाजले. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीची कार्यपुस्तिका कंपनीच्या विकीवर काही केल्या चढेना. सकाळी ‘फाइल फार मोठी’ सांगणारा ४१३ क्रमांकाचा एरर आला; तो सोपा. मधल्या एनजिनएक्स सर्व्हरची मूळ मर्यादा १ एमबी, आणि साच्यांचे फोटो त्याच्या कितीतरी पट. मर्यादा वाढवली, पानं भराभर गेली.

एक मात्र अडलं : ‘दुसऱ्या पाळीची तपासणी’. पान दिसे, चित्र नाही. पासवर्ड तीनदा बदलला, उगाच. दुपारी फाइलच्या नावातले कोड सोडवून बघितले तेव्हा उलगडलं. युनिकोडमध्ये ‘ऱ’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एकसंध ०९३१, नाहीतर ०९३० आणि खाली नुक्ता. डोळ्यांना एकच, यंत्राला परके. फाइल एका रूपात, दुवा दुसऱ्यात. आमच्या भागाला एकाच नावाच्या दोन रूपांचं काय कौतुक! १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं. शोधताना दोन्ही नावं टाकावी लागतात.

फाइलींची सगळी नावं एनएफसी, म्हणजे एकसंध, रूपात आणणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. साडेसहाला चित्र दिसलं. साहेब म्हणाले, “फाइलला मराठी नाव ठेवलंच कशाला?”

नाव तेच ठेवलंय.